तेलाचा आळ

माझ्या बापाला त्याच्याच घरात चोर ठरवलं गेलं. चोरी कसली, तर तेलाची. त्याला तेलकट खाताना कुणी पाहिलं नव्हतं. रक्ताचा रिपोर्ट आला, ट्रायग्लिसराइडचा, म्हणजे रक्तातल्या चरबीचा, आकडा वर गेलेला दिसला, आणि माझ्या मोठ्या भावाने तो कागद जेवणाच्या टेबलावर आपटला. "बाबा, तुम्ही बाहेर खाता. रिपोर्ट झूठ नाही बोलत," तो म्हणाला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्याची सहावीतली मुलगी गृहपाठ करत बसली होती. तिने मान वर करून आधी बापाकडे पाहिलं, मग आजोबांकडे.

मी तिथे नव्हते. हे मला वहिनीने फोनवर सांगितलं. घरातली गोष्ट घरात राहू दे, असं नंतर मला बऱ्याच जणांनी सुचवलं. आळ घरातल्या माणसाने घेतला म्हणून तो लहान होत नाही, उलट मोठा होतो. म्हणून मी लिहिणार आहे. कुणाला आवडो न आवडो.

बाबा अंबरनाथ एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत बॉयलरवर होते. तिन्ही पाळ्या करून निवृत्त झाले. आम्ही आगरी. बदलापूरच्या शिरगावला आमची भातशेती होती. आता तिथे बिल्डिंग आहे आणि जमिनीच्या बदल्यात मिळालेला फ्लॅट आहे. त्यात बाबा, दादा, वहिनी आणि भाची राहतात. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मी लग्न होऊन अंबरनाथ पश्चिमेला आले, पण सासर-माहेरात एकाच स्टेशनाचं अंतर असल्याने माहेर कधी सुटलं नाही.

बाबांचं एक सांगायला हवं, नाहीतर त्या आळाचं वजन कळणार नाही. शिरगावातल्या जमिनी विकल्या जात होत्या तेव्हा जेसीबी फिरून बांध मोडले होते. कुणाचं शेत कुठे संपतं तेच कळेना. मग लोक बाबांना बोलवायचे. ते चपला काढून शेतात उतरायचे, थोडं चालायचे, एका जागी उभे राहायचे आणि म्हणायचे, "इथं हाय." लोक तिथे खुंट ठोकायचे. सख्खे भाऊ एकमेकांवर विश्वास ठेवत नव्हते, पण बाबा जिथे उभे राहिले तिथे कुणी पुन्हा टेप लावली नाही. अशा माणसाला पोटच्या पोराने विचारलं, वडापाव खाल्ला की नाही ते खरं सांगा.

झालं होतं असं. बाबांच्या छातीत दुखलं, अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. उल्हासनगरच्या डॉक्टरबाई भल्या. त्या म्हणाल्या, तळलेलं कमी करा, वजन सांभाळा, चालत राहा. एवढंच. बाकीचं आमच्या लोकांनी आपल्या मनाने वाढवलं. आमच्यात आजारपणाचं पथ्य हे श्रावणासारखं पाळतात. श्रावणात मासळी थोडी कमी खाल्ली असं होत नाही, घरात आणतच नाही, तवासुद्धा घासून वेगळा ठेवतात. वहिनीने तेलाचा श्रावण धरला. बाटली उचलून शेजारी देऊन टाकली, लोखंडी तवा माळ्यावर चढवला. आत्या येऊन म्हणाली, सून असावी तर अशी. घरात एक थेंब तेल नाही याचा सगळ्यांना अभिमान वाटू लागला.

वहिनीवर माझा राग नाही, हे आधीच सांगते. तिने स्वतःही फोडणी सोडली होती. बाबांसाठी पहाटे उठून दुधी उकडायची. पण श्रावणाचा हिशोब एकदा डोक्यात बसला की त्याच्या मागून उपासाचा फराळही येतो. दुधीने पोट भरेना म्हणून बाबांना उकडलेला साबुदाणा मिळू लागला, दाण्याचा कूट न घालता, कारण दाण्यात तेल. रताळी, केळी, कुरमुरे. चहात साखर बंद आणि गूळ भरपूर, कारण गूळ औषधी. तांदळाच्या भाकऱ्या तीनच्या पाच झाल्या. मासळी उकडूनसुद्धा बंद, कारण तारलीतून तेल सुटतं. आणि अकरा वाजता, चार वाजता, झोपताना टोस्ट आणि खारी.

आणि या श्रावणात दुसरीही एक गोष्ट असते. पथ्य मोडलं की ते नुसतं पथ्य मोडणं राहत नाही. बाट होतो. पाप होतं. म्हणून तो आकडा वर गेला तेव्हा दादाने काय खाण्यात चुकलं ते पाहिलंच नाही. कोण चुकलं तेवढंच पाहिलं.

त्याच्याकडे पुरावाही होता म्हणे. बदलापूर स्टेशनच्या पूर्वेला एका वडापावच्या गाडीजवळ बाबांच्या पाळीतले दोघं जुने मित्र संध्याकाळी भेटायचे, बाबाही जायचे. दादाने बाइकवरून जाताना पाहिलं होतं. बाबा म्हणाले, "चा पितो मी. मी नाय खाल्ला काय." दादा म्हणाला, "खाई त्याला खवखवे. मग आवाज कशाला चढतोय तुमचा?" आणि मग तो बोलून गेला ते अजून माझ्या डोक्यात ठणकतं. म्हणाला, "एवढंच असेल तर चला गावदेवीसमोर, हात ठेवून सांगा."

बाबा उठले नाहीत. एवढंच म्हणाले, "माजा बोलना पुरत नाय, तर देवीला कशाला मधी घेतंस?"

त्यानंतर ते गाडीवर जायचे बंद झाले. दूध आणायला जरी खाली गेले तरी परत आल्यावर वहिनीसमोर दोन्ही हात पुढे करायचे. "घे, वास घे," म्हणायचे. सासऱ्याचे हात हुंगायची वेळ आली म्हणून वहिनी रडत होती, आणि म्हणूनच तिने मला फोन केला होता. "ताई, तुमचं ऐकतात ते. तुम्हीच त्यांच्याकडून कबूल करून घ्या, म्हणजे विषय संपेल."

मी रविवारी गेले. बाबांना काही विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. मी सरळ स्वयंपाकघरात गेले आणि एकेक डबा उघडला.

माझं काम काय ते सांगते. अंबरनाथ एमआयडीसीत फॅटी ॲसिड बनवणाऱ्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये मी तपासणीचं काम करते. पामचं, खोबऱ्याचं, करडईचं तेल वाफेच्या दाबाखाली फोडतात, त्यातून फॅटी ॲसिड वेगळी होतात. शाळेच्या पुस्तकात त्याला मेदाम्ल म्हणतात. पुढे त्याचा साबण होतो, क्रीम होतं, मेणबत्ती होते. मी दिवसभर ती वितळवते, गोठवते, मशीनला लावून कुठलं किती आहे ते पाहते. घरी आले तरी केसांना त्याचा वास असतो. रिक्षात शेजारची बाई नाक मुरडते, मुरडू दे. एवढ्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली आहे. तेल नावाची एकच वस्तू नसते. एक फॅटी ॲसिड भर उन्हाळ्यात दगडासारखं घट्ट असतं, दुसरं फ्रिजमध्येही पातळ राहतं. दोघांना एकाच नावाने शिव्या घालणं म्हणजे अडाणीपणा.

वहिनीच्या डब्यातली खारी मी बोटांनी चुरली. पापुद्र्यापापुद्र्यात वनस्पती तूप होतं. खारी तळलेली नसते म्हणून तिच्यात तेल नाही, असं या घरात सगळ्यांनी धरलं होतं. म्हणजे शेंगदाण्याचं तेल घराबाहेर काढलं, तारली बंद केली, आणि जे खरंच बंद करायला हवं ते दिवसातून तीनदा आदराने वाढलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हे.

बाबा दारात येऊन उभे राहिले. मी डबे उघडतेय ते पाहून त्यांना वाटलं, मीही झडती घेतेय. चेहरा उतरला. मी म्हटलं, "बाबा, तुम्हांला भूक लागते ना सारखी?"

"लागते गो. जेवून उठतो न् अर्ध्या तासानं परत लागते. लाज वाटते मागाला."

त्यांना ते मी बॉयलरच्या भाषेत सांगितलं. तीच एक भाषा आमच्यात सामाईक आहे. म्हटलं, बाबा, लोकांना वाटतं तेल म्हणजे नुसतं भट्टीत घालायचं जळण. जळण तर ते आहेच. पण तेच भोंगाही वाजवतं. जेवणातलं तेल फुटून फॅटी ॲसिड आतड्यात पोचलं की तिथल्या पेशी ते ओळखतात आणि वर निरोप धाडतात, पोहोचलं, आता पुरे. पोट आपलं काम सावकाश करायला लागतं, मेंदूला तृप्ती कळते. तुमच्या ताटात तेलच नाही, तर तो भोंगा वाजणार कुठून? बाबा विचारात पडले. मग म्हणाले, "म्हंजे पाली सुटलीय, पण कोणी सांगितलाच नाय." मी म्हटलं, तसंच, पाळी सुटली तरी भोंगा वाजलाच नाही.

पुढचं मी कॉलेजात शिकले नव्हते. माझी पदवी रसायनाची. बाबांचा स्टेंट झाल्यावर मी शरीरशास्त्राची पुस्तकं घेऊन बसले, समजेना तिथे पुन्हा वाचलं. लिव्हरच्या पेशीत काही प्रथिनं असतात, त्यांचं कामच फॅटी ॲसिड ओळखायचं. ते येऊन खाचेत बसलं की ही प्रथिनं थेट जनुकांपर्यंत हुकूम नेतात: चरबी जाळायची यंत्रणा चालू करा. तारली, बांगडा, जवस यांच्यातली काही फॅटी ॲसिड आणखी एक हुकूम देतात: नवी चरबी बनवणं आवरा. हे वाचलं त्या संध्याकाळी मी खुर्चीतून उठले आणि घरात येरझाऱ्या घालत राहिले. जी वस्तू मी वर्षानुवर्षं ड्रममधून काढून तपासत होते ती शरीरात जाऊन बोलते, हुकूम सोडते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला फार आनंद झाला होता.

अति झालं की मातीच, तेही खरं. भोंगा दिवसभर वाजत राहिला तर कामगार कान झाकून घेतात. रोज भजी खाणाऱ्याचं, खारीचे डबे संपवणाऱ्याचं तेच होतं. साखर उचलायचा इन्सुलिनचा निरोपही मग पेशींना नीट ऐकू येत नाही. पण भोंगा वाजून वाजून कान बधिर झाले तर आवाज कमी करतात. भोंगाच उपटून फेकत नाहीत.

आता मुख्य गोष्ट, बाबांच्या रक्ताची. ते रक्त रात्रभर उपाशी ठेवून सकाळी काढलं होतं. जेवणातून आलेलं तेल रक्तात काही तास फिरतं आणि पांगतं. रात्रभरच्या उपासानंतर रक्तात जे ट्रायग्लिसराइड सापडतं, ते बहुतेक लिव्हरने स्वतः बनवून बाहेर पाठवलेलं असतं. आणि लिव्हर चरबी कशाची बनवतं? जास्तीचं जे येऊन पडेल त्याची. साबुदाणा, गूळ, पाच भाकऱ्या, केळी, टोस्ट. बनवू नको म्हणून सांगणारी तारली तर बंदच केली होती. म्हणजे बाबांनी पथ्य मोडलं म्हणून तो आकडा चढला नव्हता. पथ्य इमानाने पाळलं म्हणून चढला होता.

हे मी त्या दुपारी दादाला सांगितलं. वाद होणार हे माहीत होतं, झालाच.

"तू साबणाचं तेल तपासतेस," तो म्हणाला. "डॉक्टर नाहीस. शाणपत्ती नको."

"मग डॉक्टरकडे चल."

"मला एकच सांग. या तुझ्या थिअरीने बाबांनी वडा खाल्ला नाही हे प्रूव्ह होतं का?"

"नाही होत," मी म्हटलं. "खाल्ला हेही होत नाही. आणि बाबांनी स्वतःला प्रूव्ह का करायचं? ते बोलले ना, नाही खाल्ला. तुला ते पुरलं का नाही?"

तो ओरडला. मीही ओरडले. आमच्या घरात आवाज खाली ठेवून कुणी भांडत नाही. भाची दाराआडून सगळं ऐकत होती आणि वहिनी तिला आत ओढत होती. शेवटी मी बाबांची पिशवी भरली. औषधं, दोन लुंग्या, चष्मा. "मी यांना घेऊन चाललेय," म्हटलं. दादा म्हणाला, "काही झालं ना त्यांना, तर तू जिम्मेदार." मी म्हटलं, "मान्य."

म्हणताना काही वाटलं नाही. रिक्षात बसल्यावर मात्र मी पिशवीतली औषधं पुन्हा मोजली. स्टेंट असलेला माणूस मी घेऊन चालले होते, पुस्तकातल्या काही पानांच्या भरवशावर.

म्हणून दुसऱ्याच दिवशी रजा टाकून त्यांना उल्हासनगरला डॉक्टरबाईंकडे नेलं. त्या सिंधी आहेत, मराठीत सुरू करतात आणि हिंदीत संपवतात. त्यांनी बाबांनाच विचारलं, दिवसभरात काय काय खाता? बाबांनी सकाळपासून झोपेपर्यंतचं सगळं सांगितलं. पाळीचा रिपोर्ट द्यावा तसं, काही न लपवता. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"बाबा, तेल ज़ीरो करा असं मी कधी बोलली?"

"तुमी नाय बोलल्या, मॅडम. घरच्यांनी केला."

त्यांनी सगळं फिरवलं. खारी-टोस्ट बंद. साबुदाणा, गूळ बंद. भाकरी दोन. तेल मोजून, पण रोज. मूठभर दाणे, जवस. मासळी आठवड्यातून दोन-तीनदा, तळून नाही. औषध तेच, चालणं तेच, आणि काही महिन्यांनी पुन्हा रक्त. मी उपाशीपोटीच्या रक्ताचं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. ऐसे पेशंट बहुत आते हैं. तेल छोड़ के मीठा पकड़ लेते हैं." मग बाबांकडे वळून म्हणाल्या, "यात तुमची काही चूक नाही." बाबा खाली बघत होते. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, हे मॅडमनी लिहून दिलंय का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, असू दे, लिहायची गरज नाय.

पुढचे महिने माझे कठीण गेले. बाप लेकीकडे राहतो ही आमच्याकडे लहान गोष्ट नाही. आत्याने फोन करून सुनावलं, "भावाचं नाक कापलंस. वर त्या बिचाऱ्याला तेल खाऊ घालतेस. बापाला मारायचंय का तुला?" शेजारीपाजारी कुजबुज झाली. माझ्या नवऱ्याने मात्र एक शब्द काढला नाही. रोज सकाळी बाबांबरोबर फिरायला जायचा, येताना बाजारातून जवस नाहीतर कारळे घेऊन यायचा. मी लोखंडी तवा विकत आणला. एका छोट्या चमच्याने मापून तेल घालायचे. जवसाची चटणी, मुगाची उसळ, नाचणीची भाकरी, आणि तारली. तारली तर अंगच्या तेलावरच शिजते. तव्यावर ठेवली की आधी चरचरते, मग कडेने तेल सोडायला लागते आणि घरभर तो वास. पहिल्या दिवशी बाबा ताटावर बसले, पण हात लावेनात. "कोणी आला तर?" म्हणाले. स्वतःच्या लेकीच्या घरात, डॉक्टरने सांगितलेला मासा खाताना त्यांनी दाराकडे पाहिलं. मला दादाचा इतका राग आला की मी उठून दार सताड उघडं केलं. येऊ दे ज्याला यायचंय त्याला, म्हटलं. शेजारच्या मावशी खरंच डोकावल्या. त्यांनाही एक तारली वाढली.

हळूहळू त्यांचं मध्येमध्ये डबे धुंडाळणं थांबलं. दुपारी जेवले की संध्याकाळपर्यंत मागायचे नाहीत. एकदा म्हणाले, "भोंगा वाजाला लागला बघ." तरीही मला भीती होतीच. कधी ते जरा जास्त वेळ झोपले तर मी जाऊन छाती वरखाली होतेय ना ते पाहून यायचे. मी चुकले असते तर मला कुणी सोडलं नसतं, आणि मीही स्वतःला सोडलं नसतं. पण म्हणून त्यांना पुन्हा त्या घरात हात पुढे करून उभं राहायला पाठवायचं? ते मला मान्य नव्हतं. ते करायच्या आधी मी पुन्हा भांडले असते.

रक्त पुन्हा तपासलं. आकडा खाली आला होता. पुरता जागेवर नाही, पण डॉक्टरबाई खूश झाल्या. मी रिपोर्टचा फोटो दादाला पाठवला. वर काही लिहिलं नाही. वाटलं, एवढं बघून त्याला कळेल.

त्याचं उत्तर आलं: "बघ, मी ओरडलो त्याचा फायदा झाला. आता बाहेरचं खाणं सुटलं त्यांचं."

मी फोन गादीवर फेकला. जमिनीवर फेकला असता, पण नवा होता. कसला माणूस हा! आकडा चढला तेव्हा बाबा चोर, आकडा उतरला तर सुधारलेला चोर. शास्त्र गेलं, डॉक्टर गेली, माझे सगळे महिने गेले, आणि बाबांवरचा आळ होता तिथेच राहिला. बाबांनी मला विचारलं, काय म्हणतो तो? मी सांगणार नव्हते. त्यांनी फोन उचलला, चष्मा लावून वाचलं, आणि माझ्याकडे परत दिला. "त्याला रविवारी जेवायला बोलव," म्हणाले.

रविवारी दादा-वहिनी आले. भाची क्लासला गेली होती. वहिनी आल्या आल्या बाबांच्या पाया पडली आणि रडली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्याशी त्यांचं काहीच भांडण नव्हतं. दादा हसत होता, जुन्या गोष्टी विसरल्यासारखा. "काय तब्येत झालीय बाबा, एकदम फिट! आता चला घरी." मी ताटं केली. तव्यावरून तारली थेट ताटात वाढली. दादाने भाकरीचा तुकडा मोडला.

"थांब," बाबा म्हणाले. "आधी बोल."

"काय बोलू?"

"मी नव्हता खाल्ला."

दादा हसला. "बाबा, झालं ते झालं ना. आता कशाला जुनं..."

"नाय झाला. आधी बोल, मंग जेव."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी तव्याकडे पाहिलं नाही, खाली पाहिलं नाही, त्याच्याकडेच पाहत राहिले. तुकडा त्याच्या हातात तसाच होता. बाबा ताटाला हात न लावता बसले होते, आणि मला कळलं की तो बोलला नाही तर ते आज जेवणार नाहीत, उद्याही जेवणार नाहीत, आणि त्या घरी तर कधीच जाणार नाहीत. दादालाही ते कळलं असावं.

"नव्हतं खाल्लं तुम्ही," तो म्हणाला.

"हां," बाबा म्हणाले. "आता पोरीला फोन लाव. तिच्यासमोर बोल्ला व्हतास. तिला पण सांग."

"बाबा, ती लहान आहे."

"तवा पण लहानच व्हती."

दादाने फोन लावला. फोन तेलकट होऊ नये म्हणून वहिनीने तो टेबलावर ठेवून स्पीकरवर टाकला. क्लास सुटला होता, मागे मुलींचा गलका ऐकू येत होता. दादा म्हणाला, "ऐक, आजोबांनी तेव्हा बाहेर काही खाल्लं नव्हतं. ते खरं बोलत होते."

"मग तुम्ही त्यांना सॉरी बोललात का, पप्पा?"

दादाने बाबांकडे पाहिलं. एखादा बाप अशा वेळी म्हणतो, राहू दे रे. मी वाट पाहिली. बाबा म्हणाले नाहीत. ते ताठ बसून त्याच्याकडे पाहत राहिले.

"सॉरी, बाबा," दादा पुटपुटला.

"ऐकू नाही आलं," फोनमधून आवाज आला.

"सॉरी, बाबा!" तो मोठ्याने म्हणाला, आणि त्याचे डोळे भरले. बाबांनी आपल्या ताटातली सगळ्यात मोठी तारली उचलून त्याच्या ताटात ठेवली, आणि मग स्वतः पहिला घास घेतला.